चित्रकलेचा तास आणि मुलांचे मनःस्वास्थ्य

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेला जे स्थान आहे ते सर्वांना ठाऊक आहे. आठवड्यातून एखाद-दुसरा तास, आणि तोही बहुधा मधल्या सुटीनंतरचा. गणिताचा भाग मागे राहिला अथवा एखादी माहिती तातडीने वर पाठवावयाची असली, की पहिली कात्री या तासाला लागते. चित्रे काढणे म्हणजे मुलांना गुंतवून ठेवण्याचे एक साधन, अशी समजूत असल्यामुळे या तासाच्या जाण्याने काही हानी झाली असे कोणास वाटत नाही. वस्तुतः मनाच्या आरोग्याशी चित्राचा निकटचा संबंध आहे, हे ओळखून गेल्या ऐंशी वर्षांत ‘कलोपचार’ नावाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली आहे. ती शाखा तज्ज्ञांची आहे. तथापि तिच्यातील काही भाग असा आहे, की तो अड्याळसारख्या गावच्या शाळेत कोणत्याही खर्चाशिवाय उपयोगात आणता येईल. आणि काही भाग असा आहे, की त्याला शिक्षकाने हात न लावणेच मुलाच्या हिताचे ठरेल. या दोहोंतील सीमारेषा स्पष्ट करणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

‘कलोपचार’ ही संज्ञा रूढ होण्यास एका चित्रकाराचे आजारपण कारणीभूत झाले. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयरोगाने आजारी पडले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते; आरोग्यधामात महिनोन् महिने पडून राहणे हाच मुख्य उपाय. हिल यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या आसपासच्या वस्तूंची रेखाटने करण्यास आरंभ केला, आणि रिकाम्या वेळातील कुढणे त्यामुळे कमी होते असे त्यांना आढळले. पुढे ते इतर रुग्णांना व युद्धात जखमी झालेल्या सैनिकांनाही चित्रे काढावयास शिकवू लागले. या कार्याला १९४२ च्या सुमारास त्यांनी हे नाव दिले व १९४५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

त्यानंतर या विषयात दोन विचारप्रवाह निर्माण झाले. शिक्षकाने हा भेद नीट समजून घेतला, तर पुढील पुष्कळ घोटाळे टळतील. अमेरिकेतील मार्गारेट नॉमबर्ग यांच्या मते चित्र हे रुग्णाच्या अंतर्मनाची भाषा असून, त्याच्या आधारे तज्ज्ञ व रुग्ण यांच्यात जो संवाद घडतो त्यात उपचार आहे. एडिथ क्रेमर यांचे मत निराळे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चित्र घडविण्याची क्रिया हीच मुळात मनाला सावरणारी आहे; रंग, आकार व हाताचे श्रम यांतून अस्वस्थतेला एक बांधीव रूप मिळते, आणि उपचाराचा गाभा तेथेच आहे. पहिल्या मार्गाला वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण लागते. दुसऱ्या मार्गावरील पहिली काही पावले मात्र कोणताही सहृदय शिक्षक टाकू शकतो.

क्रेमर यांना ही दृष्टी ज्यांच्याकडून मिळाली त्या फ्रिडल डिकर-ब्रँडाइस यांची हकिगत प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावी अशी आहे. व्हिएन्नाच्या या चित्रकर्तीला ज्यू म्हणून डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तेरेझिन येथील बंदिवस्तीत पाठविले. बरोबर नेता येणाऱ्या मोजक्या सामानात त्यांनी चित्रकलेचे साहित्य भरले होते. त्या वस्तीत अन्न अपुरे, जागा अपुरी, आणि कोणत्या दिवशी कोणाची पाठवणी मृत्युछावणीकडे होईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी त्यांनी शेकडो मुलांचे चित्रवर्ग चालविले. मिळेल त्या कागदाच्या कपट्यांवर मुले फुले, घरे, फुलपाखरे, जेवणाची ताटे, क्वचित पहारेकरी व रांगाही काढीत. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, असा डिकर-ब्रँडाइस यांचा आग्रह असे. जेथे माणसाची ओळख केवळ एका क्रमांकावर आणली गेली होती, तेथे या आग्रहाचा अर्थ काय असेल हे निराळे सांगावयास नको. १९४४ च्या शरद ऋतूत त्यांची स्वतःची पाठवणी आउश्वित्सला झाली व तेथे त्यांचा अंत झाला. त्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून मागे ठेवण्यात आली होती. ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रे काढणारी बहुतेक मुले मात्र वाचली नाहीत. कलेने त्यांचे प्राण वाचविले नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मिळालेले दिवस माणूस म्हणून जगण्यास तिने त्यांना आधार दिला, एवढेच म्हणता येईल. आणि ते थोडे नाही.

याच काळात विदर्भातही एक मोलाचा प्रयोग चालू होता. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीमचे शिक्षण सुरू झाले. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद हे १९४४ मध्ये तेथे कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत राहिले. मुलाचे चित्र म्हणजे मोठ्या माणसाच्या चित्राची बिघडलेली प्रत नव्हे, त्याला स्वतःचे नियम व स्वतःचे सत्य असते, ही त्यांची भूमिका होती. मुलाच्या भावनांना कलेतून वाट मिळाली नाही तर त्या अन्य, पुष्कळदा विध्वंसक, वाटा शोधतात असे ते मानीत. म्हणूनच कला हा शिक्षणाचा एक विषय न मानता शिक्षणाचा पाया मानावा, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादन केले. सेवाग्रामच्या मुलांजवळ महागडे रंग नव्हते. यास्तव साधनांच्या अभावी हे कार्य होत नाही, ही सबब वर्ध्याच्या पूर्वेस असलेल्या भंडारा जिल्ह्यात तरी पुढे करता येणार नाही.

खरे पाहता ही कल्पना आपल्या खेड्यांना परकी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात मारबत निघते. रोगराई व इडापीडा घेऊन जा, असा पुकारा करीत लोक तिला गावाच्या वेशीबाहेर घालवितात. जे भय दिसत नाही त्याला आकार द्यावयाचा, सर्वांनी मिळून त्याकडे पाहावयाचे आणि मग त्याला निरोप द्यावयाचा, ही रीत ज्याने प्रथम योजली त्याला मनाची चांगली पारख असली पाहिजे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजविणारे मूल, भुलाबाई मांडणाऱ्या मुली, मंडईच्या रात्री दंडार पाहताना राजाबरोबर रडणारे व सोंगाड्याबरोबर हसणारे गाव, ही सारी याच जातीची उदाहरणे होत. याला कोणी उपचार म्हणत नाही, आणि म्हणण्याची गरजही नाही.

आता चित्राने मनाला आराम कसा मिळतो ते पाहू. सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ भाववाचक शब्द फार थोडे असतात. ‘अपमान’, ‘चिंता’, ‘अपराधी वाटणे’ हे शब्द त्याला ठाऊक नसतात. तो अनुभव मात्र असतो. मूल मग ‘पोट दुखते’ म्हणते, बाजूच्या मुलाला चिमटा काढते, किंवा गप्प बसते. चित्राला शब्दांची आवश्यकता नसल्यामुळे ही अडचण तेथे राहत नाही. दुसरे असे की, छातीत दाटलेली गोष्ट कागदावर उतरली म्हणजे ती बाहेरची वस्तू होते. तिच्याकडे दुरून पाहता येते, ती लहान काढता येते, खोडता येते, तिच्याभोवती कुंपण घालता येते. ज्या प्रसंगात मूल सर्वस्वी असहाय होते त्याच प्रसंगाचे ते कागदापुरते धनी होते. याखेरीज एकसारख्या रेघा ओढणे, रंग भरणे, माती मळणे यांत हाताची जी लय असते तिने चित्त स्थिर होते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलाकाम केल्यावर त्यांपैकी सुमारे पाऊणपट लोकांच्या लाळेतील, ताणाशी संबंधित अशा ‘कॉर्टिसॉल’ द्रव्याचे प्रमाण घटलेले आढळले. पूर्वीचा कलेचा अनुभव असणे-नसणे याने यात विशेष फरक पडला नाही. हा अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, व त्यात मुले नव्हती. म्हणून त्यावर फार मोठा इमला रचू नये.

वयाचा विचारही आवश्यक आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. साधारणतः चार वर्षांपर्यंत गिरगोट्या. चार ते सात या काळात डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे. सात ते नऊ या वयात ठरावीक खुणा, खाली जमिनीची रेघ व वर आकाशाची पट्टी. आणि नऊनंतर ‘हुबेहूब’ काढण्याची ओढ. याच शेवटच्या पायरीवर ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून पुष्कळ मुले चित्र कायमचे सोडून देतात. चौथी-पाचवीच्या शिक्षकाने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण नेमके याच वयात मूल घरातील ओढाताण समजण्याइतके मोठे झालेले असते. दुसरीतील मुलाच्या चित्रात हात नसले तर त्यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी, त्या वयाची पुष्कळ मुले हात विसरतात हे आठवावे.

येथे सर्वांत मोठा धोका संभवतो. मानसशास्त्राची थोडी माहिती झाली की चित्रे ‘वाचण्याचा’ मोह होतो. काळा रंग म्हणजे दुःख, मोठे दात म्हणजे राग, खिडकी नसलेले घर म्हणजे एकलकोंडेपणा, असे ठोकताळे अनेक ठिकाणी छापलेले आढळतात. एकेका खुणेवरून मनाचे निदान करण्याच्या या रीतीला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. खडूच्या पेटीत काळाच तेवढा उरला असेल, किंवा चुलीतील कोळसा फुकट मिळत असेल, म्हणूनही चित्र काळे होते.

समजा, अड्याळच्या परिसरातील एका शाळेत तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. आईवडील मिरची तोडणीला तेलंगणात गेलेले. ती आजीजवळ राहते. दिवाळीपर्यंत बोलकी असलेली ही मुलगी अलीकडे वर्गात गप्प असते. ‘माझे घर’ या विषयावर तिने चित्र काढले, त्यात घराला दारच नाही. गुरुजींनी पुस्तकातील ठोकताळा लावला असता तर, आईवडिलांच्या वियोगाने मुलीचे मन बंद झाले, असे त्यांनी ठरविले असते. कदाचित शिक्षकांच्या खोलीत बोलूनही दाखविले असते. त्याऐवजी त्यांनी तिच्याजवळ बसून एवढेच म्हटले, ‘या चित्रातलं मला सांगशील?’ मुलगी म्हणाली, ‘आमच्या घराले दार लागाचाच हाये, गुरुजी.’ घरकुलाचा पुढचा हप्ता आला नव्हता आणि दाराच्या जागी चादर टांगलेली होती. तिने जे होते तेच काढले होते. गुरुजी थांबले. त्यांनी दुसरा प्रश्न केला नाही. काही वेळाने मुलीनेच कोपऱ्यातील एका लहानशा चौपायी आकारावर बोट ठेवले. ती बकरी होती. रात्री दार नसलेल्या घरात ती बकरी तिच्या खाटेजवळ बांधलेली असे, आणि जाण्यापूर्वी वडिलांनी ती विकली होती. तेव्हापासून रात्री झोप येत नव्हती.

या प्रसंगात गुरुजींनी जे केले ते बारकाईने पाहावे. त्यांनी ‘हे काय काढलेस?’ असे विचारले नाही. त्या प्रश्नात चित्र ओळखू न आल्याचा ठपका असतो. ‘घर छान आहे, पण दार कोठे आहे?’ असेही विचारले नाही. मुलीची बोली शुद्ध करण्याचा मोह आवरला. ‘दार लावायचे आहे असे म्हण’ एवढे एक वाक्य मध्ये आले असते, तर बकरीची गोष्ट पुढे आलीच नसती. भाषेच्या तासाला प्रमाण भाषा शिकवावीच, पण मन मोकळे होत असताना झाडीबोलीला आडकाठी करू नये. आणि मुख्य म्हणजे, कळलेली गोष्ट त्यांनी वर्गात उच्चारली नाही. दुसऱ्या दिवशी आजीला भेटून, रात्री मुलीला शेजारच्या घरी निजविता येईल का व आईवडिलांशी फोनवर नियमित बोलणे करून देता येईल का, एवढी चौकशी केली. चित्राने रोगाचे निदान केले नाही. चित्रामुळे एक बोलणे सुरू झाले. शिक्षकाच्या हातातील कलोपचार तो एवढाच.

असे बोलणे सुरू होण्यासाठी तासाची रचना थोडी बदलावी लागते. महिन्यातून दोन तास तरी असे असावेत, की ज्यांत फळ्यावर नमुना काढलेला नाही. फळ्यावरील नमुन्याचा परिणाम सर्वत्र दिसतो: दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि माडाचे झाड. ज्या जिल्ह्यात तलाव, धानाच्या बांध्या, मोहफुले व पळस डोळ्यांसमोर आहेत तेथील मुले सागरकिनाऱ्याचे झाड घोटीत बसतात, याची कोणाला खंत वाटू नये हे नवल आहे. मोकळ्या तासाला विषय द्यावयाचा तर तो सैल असावा: ‘पावसाची रात्र’, ‘मला भीती वाटली तेव्हा’, ‘रोवणीच्या दिवसांतले आमचे घर’. ज्याला विषय नको असेल त्याला तो सोडण्याची मुभा असावी, आणि काहीच काढावयाचे नसेल तर बसून राहण्याचीही. या चित्रांना गुण नाहीत, क्रमांक नाहीत, ‘उत्तम’चा शेराही नाही. प्रदर्शनाची हौस येथे आवरती घ्यावी. मुलाच्या संमतीखेरीज चित्र भिंतीवर लावू नये, पालकसभेत दाखवू नये, आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून शिक्षकांच्या समूहावर तर कदापि पाठवू नये.

साहित्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पाठकोरे कागद, कोळसा, काव, चुना, हळद, पळसफुलांचे पाणी, चिकटविण्यास धानाचे तूस व तणस, आणि तलावाची माती. जी मुले कागदाला बिचकतात ती मातीजवळ लवकर रमतात. चिखल मळणे, थापणे, मोडणे व पुन्हा करणे यांत राग सुखरूप बाहेर पडतो. रागीट मुलाला छडीपेक्षा मातीचा गोळा अधिक उपकारक होतो. छडीला तर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम १७ अन्वये मनाईच आहे, व मानसिक छळही त्याच कलमात येतो. चित्राची वर्गासमोर थट्टा करणाऱ्याने हे आठवावे.

आपत्तीनंतर या तासाचे महत्त्व वाढते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराचे पाणी जिल्ह्यातील अनेक गावांत शिरले. त्या वेळी करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या; म्हणजे ज्या मुलांनी रातोरात घर सोडले त्यांना वर्ग, सोबती व गुरुजी यांपैकी काहीच जवळ नव्हते. पुन्हा तसा प्रसंग आल्यास शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात पाठ्यक्रम भरून काढण्याची घाई न करता मुलांना रोज थोडा वेळ चित्रासाठी द्यावा. मात्र ‘पूर काढा’ असे सांगू नये. काही मुले पूरच काढतील, एकच चित्र दहा वेळा काढतील; काही कोरडे अंगण व कोंबड्या काढतील. दोन्ही योग्य आहेत. ज्याला आठवण नको आहे त्याच्याकडून ती उकरून काढणे हे उपचाराच्या नेमके उलट आहे. एखादे मूल चित्र काढताना थरथरू लागले अथवा रडू लागले, तर कागद बाजूस ठेवून त्याला पाणी द्यावे, बाहेर झाडाखाली न्यावे, व आपण जवळ बसावे.

आणि मग जेथे शिक्षकाचे काम संपते ती जागा. मुलाचे गप्प राहणे, झोप वा भूक उडणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, खेळातून मन जाणे ही लक्षणे काही आठवडे टिकली, किंवा मूल मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी बोलू लागले, तर चित्राच्या तासावर विसंबून राहणे हा अपराध होईल. मरणाच्या बोलण्याला तर आठवड्यांची वाट पाहू नये, त्याच दिवशी हालचाल करावी. पालकांना विश्वासात घेऊन मुलाला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे न्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते त्यांनाही सांगावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा मार्ग जिल्हा रुग्णालयातून जातो, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, तेथे शिक्षकालाही सल्ला विचारता येतो. घरची मंडळी ‘आमचं लेकरू वेडं नाही’ म्हणून रागावतील. तेव्हा मनाचा डॉक्टर हा शब्द पहिल्याच वाक्यात न आणता, झोपेविषयी व भुकेविषयी बोलणे सुरू करावे. आजीने गंडा बांधला असेल तर त्यावर वाद घालीत बसू नये. मूल डॉक्टरांपर्यंत पोहोचते आहे एवढे पाहावे.

एक बाब याहून गंभीर आहे. मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमानुसार पोलिसांना कळविणे हे बंधनकारक आहे. ती गोष्ट ‘गावात मिटविण्याची’ नाही. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही मदत मिळते. अशा वेळी चित्रावरून प्रश्नांची सरबत्ती करू नये आणि मुलाकडून तेच चित्र पुन्हा काढवून घेऊ नये. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावे. ‘हे कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही.

चित्रे जपण्यासाठी प्रत्येक मुलाच्या नावाचे जुन्या वर्तमानपत्राचे एक पाकीट करावे. चित्राच्या मागे तारीख व मुलाने सांगितलेले एखादे वाक्य असावे, शिक्षकाचे मत नसावे. पाकीट कपाटात कुलपाखाली ठेवावे, आणि पुढील वर्गाच्या शिक्षकाकडे आपोआप न जाता वर्षाअखेर मुलाच्या हाती द्यावे. हंगामासाठी आईबापांबरोबर मध्येच गाव सोडणारी मुले असतात; त्यांचा दाखला तयार करतानाच पाकीटही बांधून द्यावे, त्यात चार कोरे कागद व खडूचा एक तुकडा घालून.